ऐकलेलं वाक्य

वरवट बकालच्या बाजारात भाजीची ओळ कुठून सुरू होते, हे नव्या माणसाला विचारावं लागत नसे. गोजरबाईचा आवाज ऐकायचा आणि त्या अंगानं चालायला लागायचं. "या वं बाया, वांगे पाहा. नवरीवानी हायेत, हात लावसान तं लाजतीन." लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या वर्षापासून ती हेच म्हणत आली होती, आणि वांगीही तेव्हापासून लाजतच होती.

त्यामुळे त्या दिवशी तिचाच आवाज बांगडीवाल्याच्या बाजूनं आला, तेव्हा ती हाक अर्ध्यावर सोडून ऐकू लागली. आवाज म्हणत होता, "टोंगळे धरले वं माये. बसता येत नाई, आन बसली तं उठता येत नाई." तिची नक्कल करणारे गावात पुष्कळ होते. पण नक्कल करणारा टोंगळ्यांपाशी, म्हणजे गुडघ्यांपाशी, येऊन थोडा जास्तच कण्हायचा. हा आवाज तेवढंच कण्हत होता जेवढं ती कण्हायची.

पायल आली. शेगावच्या कॉलेजात जाणारी, शेजारच्या गल्लीतली पोरगी. हातात मोबाइल, मागे दोन मैत्रिणी.

"आजी, हे तुमीच ना?"

"मीच तं हाये. कोठी भेटली मी तुले?"

"डिक्शनरीत. आमच्या मॅडमनं वऱ्हाडी शब्द शोधून आणाले सांगतले, तं तुमीच निघाल्या त्यातून."

गोजरबाईला मग उलगडलं. हा सिंधूताईचा शब्दांचा उद्योग. सिंधूताई अंगणवाडीतून निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता बाई बसून जपमाळ ओढेल, नाहीतर टीव्ही बघेल. पण अमरावतीकडच्या काही पोरापोरींनी वऱ्हाडी बोलीचा कोश मोबाइलवर आणायचं काढलं, गावोगावी शब्द गोळा करणारी माणसं शोधली, आणि वरवटात त्यांना सिंधूताई सापडली. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण कानाची पक्की. तिथला नियम एकच होता: शब्दाखाली वाक्य पाहिजे, ते खरोखर कुणाच्या तरी तोंडून निघालेलं पाहिजे, आणि जमलं तर त्याच आवाजात पाहिजे. घरी बसून रचलेलं वाक्य चालत नसे. तसं वाक्य कुणी पाठवलंच तर अमरावतीची पोरं ते परत पाठवायची.

"तुह्या तोंडचे घेऊ का वं?" असं सिंधूताईनं गोजरबाईला रीतसर विचारलं होतं. गोजरबाई म्हणाली होती, "घे न. शब्द का माह्या घरी पिकतात?"

आता पायलभोवती बायका जमल्या. शेजारी मिरच्या विकणारी सुभद्राबाई आपलं गिऱ्हाईक सोडून आली. पायलनं 'भेद्रं', म्हणजे टोमॅटो, दाबलं. गोजरबाईचा आवाज म्हणाला, "या साली भेद्र्याले भाव नाई, ढोराईले चारा लागले." बायका हसल्या. 'उलसक' दाबलं. आवाज म्हणाला, "उलसक मीठ टाक म्हणलं, तं पोट्टीनं समुद्रच ओतला." बायका अजून हसल्या. ती पोट्टी म्हणजे गोजरबाईची सून डिंपल, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मिठाचं कोण मनावर घेतं?

गोजरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आपण गेल्यावर आपलं काय राहील, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. आपले टोंगळे राहतील असं तर मुळीच वाटलं नव्हतं. बरं वाटलं तिला.

"अजून एक हाये," पायल म्हणाली. "बिनघोर."

तिनं दाबलं.

"हे गेले त्या राती माहा पदर मोकळा होता. पह्यल्यांदा बिनघोर झोपली मी."

बाजार काही थांबला नाही. तिकडे कांद्याचा भाव चाललाच होता. पण भाजीच्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे पाहायच्या थांबल्या. 'हे' कोण, हे सांगायची गरज नव्हती. महादेवराव गेल्याला वर्ष होत आलं होतं. गावात कुणाकडे मयत झाली तर सगळ्यांत आधी पोचणारा, भावाभावांचं भांडण मिटवून एका ताटात जेवायला बसवणारा, भजनात पेटी वाजवताना डोळे मिटून घेणारा देवमाणूस.

"पदर मोकळा म्हंजे काय वं गोजरा?" सुभद्राबाईनं विचारलं. विचारणं वाईट नव्हतं, पण तिनं आवाज खाली आणला होता, आणि आवाज खाली आणला की प्रश्न वाईट होतो.

गोजरबाईनं समोरच्या गिऱ्हाइकाची वांगी तराजूत टाकली. काटा वर गेला की खाली, ते पाहिलं नाही. पिशवीत ओतून दिली.

*

महादेवरावांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही. शिवी दिली नाही. दारूचा वास त्यांना सहन होत नसे. फक्त लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून झोपायच्या आधी ते तिच्या पदराचं टोक आपल्या मनगटाला बांधत. दोन गाठी, वरची जरा घट्ट. तिला उठायचं झालं तर आधी त्यांना उठवावं लागे. ते न कुरकुरता उठत, दाराशी उभे राहत, आणि परत आल्यावर पुन्हा गाठ मारत. नवी असताना तिनं एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, "तुह्यावर भरोसा हाये माहा. पण हे असलं की मले झोप लागते."

त्यांना झोप लागत असे. तिला कूस बदलताना आधी पदराची लांबी आठवावी लागे.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. माहेरी सांगितलं असतं तर आई हसली असती, म्हणाली असती, किती जीव लावतो बाई जावई. माणिकला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. माणिक बापाच्या पावलावर पाऊल टाकून वाढलेला पोरगा, बापाची पेटी आता तोच वाजवायचा.

सांगितलं ते एकट्या सिंधूताईला. दोघींची वावरं धुऱ्याला धुरा लागून, त्यामुळे ओळख जुनी. पण बौद्धवाड्यातल्या सिंधूताईच्या ओसरीवर निवांत बसून चहा पिणं हे महादेवराव गेल्यानंतरचं. ते असताना त्यांनी कधी मनाई केली नव्हती, फक्त "कोठी होती?" एवढं विचारायचे, आणि त्यापेक्षा न गेलेलं बरं वाटायचं.

तुरीच्या शेंगांचे दिवस होते. दोघी मधे सूप घेऊन दाणे काढत होत्या. सिंधूताईचा मोबाइल सुपाच्या कडेला पालथा पडलेला असे आणि तो चालू असे, हे गोजरबाईला माहीत होतं. पण मांजर घरात आहे हे जसं माहीत असतं, तसंच माहीत होतं. बोलता बोलता ते आलं. कसं आलं ते तिलाही कळलं नाही. सिंधूताईनं "अरेरे" म्हटलं नाही, "पुरुषाची जात" म्हटलं नाही. हातातली शेंग ठेवली, गोजरबाईच्या पदराचं टोक उचललं, त्यावरचा तुरीचा पाला झटकला आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं. त्या एवढ्याशा करण्यानं गोजरबाई मोकळी झाली होती. अजून बोलली होती, रडली होती. दोघींनी दोनदा चहा केला होता.

आता बाजार उठायच्या आत, अर्धी वांगी सुभद्राबाईच्या भरवशावर टाकून, ती त्याच ओसरीवर जाऊन उभी राहिली.

सिंधूताई चष्मा लावून मोबाइलवर काही टिपत होती. "अवं, आज लवकर? बस न."

"पह्यले तो बंद कर."

"बंदच हाये."

"घरात ठेवून ये."

सिंधूताई उठली, मोबाइल आत ठेवून आली. आल्यावर तिनं गोजरबाईचा चेहरा नीट पाहिला आणि बसली नाही.

"बिनघोर," गोजरबाई म्हणाली.

मग सिंधूताई म्हणाली, "तुहं नाव नाई टाकलं मी. खरंच नाई टाकलं."

"मंग काय टाकलं?"

"बाई. वय बासष्ट. वरवट बकाल."

"आन आवाज कोणाचा टाकला? तहसीलदारनीचा?"

आवाजाचं सिंधूताईच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मभर अंगणवाडीचे कागद भरलेली बाई ती. तिच्या लेखी रकान्यातून नाव काढलं की माणूस निघून जात होता. आणि निघून कोण जाणार होतं, तर जिच्या आवाजावर अख्खा बाजार भाजीची ओळ शोधतो ती.

"काढून टाकतो," ती म्हणाली. "आत्ता काढतो. माहं मलेच काढता येते."

"बाजारानं ऐकलं. आता काय काढशीन? बायाईच्या कानात काडी घालशीन?" गोजरबाई ओसरीच्या कडेला टेकली, टोंगळ्यांनी टेकायला लावलं म्हणून. "दुसरं वाक्य नोहतं तुह्यापाशी? पोरगं परीक्षा देऊन बिनघोर खेळून राह्यलं, असं काही?"

"ते मी बनवलेलं झालं असतं. तिथी ऐकलेलं लागते."

"मंग पोटात ठेवाचं होतं ऐकलेलं."

"ठेवलं होतं. लय दिवस ठेवलं होतं, गोजरा." सिंधूताई खोटं बोलणारी नव्हती, आणि त्या क्षणी ती थोडी तरी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. "रोज वाटे, हे नाई टाकाचं. आन रोज उघडून ऐको. मंग एक दिवस वाटलं, एवढं चांगलं वाक्य मले पुन्हा भेटणार नाई. अमरावतीच्या पोरीचा फोन आला. ते म्हणे, ताई, माह्या अंगावर काटा आला."

"चांगलं," गोजरबाई म्हणाली. तिनं तो शब्द तोंडात एकदा फिरवून पाहिला. "मी तुह्यापाशी रडली, आन तू शेंग सोलावी तसा त्यातला दाणा काढून घेतला. टरफलं माह्या पदरात."

गोजरबाईला सिंधूताईच्या डोळ्यांत काहीतरी हललेलं दिसलं, आणि ते काय आहे हेही कळलं. आत्ता बोललेलं हेही बाईला चांगलं वाटलं होतं. तिला त्याची लाज वाटत होती, पण वाटलं होतं.

गोजरबाई भिंतीला धरून उठली आणि चालू लागली.

*

ती घरी पोचायच्या आत ते वाक्य घरी पोचलं होतं. माणिक पलंगावर बसला होता, हातात डिंपलचा मोबाइल. समोरच्या कोपऱ्यात रंगाचे डबे. मंदिराला लागून त्यानं बापाच्या नावानं सभामंडप बांधायला घेतला होता. वर्षश्राद्धाला त्याचं उद्घाटन. दगडावर नाव कोरून आलं होतं आणि तो दगड गोणपाटात गुंडाळून दाराआड उभा होता.

"आई," तो म्हणाला, "हे काय हाये?"

गोजरबाईनं टोपली खाली ठेवली.

"पांडूच्या दुकानात लावलं पोट्ट्याईनं. मी तिथी गेलो, तं बंद केलं. माह्याकडे पाहून बंद केलं, आई." माणिक ओरडणारा माणूस नव्हता. बापासारखाच. "तू म्हणलं का हे?"

ती पायांवर पाणी घ्यायला मोरीकडे गेली. मागून डिंपलचा आवाज आला, "आजकाल मोबाइलमंधी कोणाचाही आवाज बनवता येते. मी पाह्यलं हाये. नेत्याचे बनवतात, नट्याईचे बनवतात." डिंपल हे नवऱ्याला सांगत होती, पण सासूला ऐकू जाईल असं सांगत होती. मिठाच्या समुद्राचं वाक्य तिनंही ऐकलंच असणार.

माणिकच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "त्या सिंधूताईनं बनवलं का? सांग मले. तसं असन तं आत्ताच्या आत्ता जाऊ. लिहून देतीन त्या. लोकाईले दाखवू."

गोजरबाई पायांवर पाणी ओतत राहिली. 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर दाराआडच्या दगडाचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला असता. ती नुसती उभी राहिली, आणि माणिकनं तिचं उभं राहणं 'हो' म्हणून घेतलं. पोरं आपल्याला पाहिजे ते ऐकतात. तिनंही त्याला ते ऐकू दिलं.

"उद्या सकाळी जाऊ," तो म्हणाला. "तू बी चाल."

*

सकाळी माणिकनं गाडी सिंधूताईच्या अंगणात लावली. ओसरीवर तो चढला नाही. सिंधूताईनं दोन खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या, चहा आणला होता. त्यानं कपाला हात लावला नाही. गोजरबाईनं कप घेतला, पण प्यायली नाही. हातात काहीतरी असावं म्हणून धरून ठेवला.

"ताई," माणिक म्हणाला, "तुमी आमच्या शेजारच्या वावरवाल्या. बाबा तुमाले मान देत होते. तुमच्याकडे मयत झाली तवा रातभर बसले होते ते."

"बसले होते," सिंधूताई म्हणाली.

"मंग हे तुमी काऊन केलं? त्या मोबाइलमंधी आईचा आवाज बनवून असं काही टाकाचं, हे तुमाले शोभते का? तुमी सांगा, हे तुमी बनवलं का नाई?"

सिंधूताईनं गोजरबाईकडे पाहिलं. रात्रभर झोपली नसावी; डोळे सुजले होते. गोजरबाईनं नजर कपात ठेवली. तिला वाटलं, आता ही खरं सांगेल. नियमाची बाई, रचलेलं चालत नाही म्हणणारी. ती सांगेल, आणि मग काय व्हायचं ते होवो.

"हाव," सिंधूताई म्हणाली. "बनवलं मी."

"बनवलं?"

"गोजरबाई असं काही बोलली नाई. मले एक वाक्य पाह्यजे होतं, तं मी बनवलं. आवाज बी जुळवला. काढून टाकलं काल. अमरावतीच्या लोकाईले बी कळवलं का मी नियम मोडला, आता माहं नाव काढून टाका त्यातून." ती एका दमात बोलली, पाठ करून ठेवल्यासारखी. "तुमी म्हणसान तिथी सही करतो. पांडूच्या दुकानापाशी उभी राहून बी सांगतो."

माणिकनं श्वास सोडला. कालपासून धरून ठेवलेला असावा. "झालं मंग. आई, ऐकलं?"

गोजरबाईनं ऐकलं होतं.

तिला कळत होतं की हे तिच्यासाठी चाललंय. बाई आपलं नाव घालवत होती, इतक्या दिवसांची मेहनत घालवत होती, गावात खोटारडी ठरायला तयार झाली होती. दुसऱ्या कुणासाठी केलं असतं तर गोजरबाईनंच तिचं कौतुक केलं असतं. पण ती गाठ जगात तीन माणसांना माहीत होती. एक माणूस जळून गेलं होतं. आता दुसरं म्हणत होतं, असं काही झालंच नाही. म्हणजे उरली ती एकटी, आणि तिचा मोकळा पदर, ज्याला आता काहीच अर्थ नव्हता, कारण तो बांधलेलाच कधी नव्हता.

काल जे झालं त्यात तिची गोष्ट चोरीला गेली होती. आज ती खोटी ठरत होती. कालचं बरं होतं.

तिनं कप ओसरीवर ठेवला. "बनवलं नाई तिनं."

"आई..."

"म्या म्हणलं ते. इथी बसून म्हणलं, या ओसरीवर. तिनं ऐकलं आन टाकलं. टाकाले नोको होतं. पण बनवलं नाई." तिनं पदराचं टोक हातात घेतलं. माणिककडे पाहून बोलणं जमेना, म्हणून त्या टोकाकडे पाहून बोलली. "तुहे बाबा झोपताना हे आपल्या हाताले बांधत होते. रोज. तुह्या जन्माच्या आधीपासून ते गेले त्या दिवसापर्यंत. दवाखान्यात नेलं तवा नर्सनं सोडलं ते. तिले वाटलं, कुठल्या देवाचं असन."

माणिक गाडीला टेकून उभा होता. त्याचा हात आरशाशी चाळा करत होता.

"मारलं नाई त्याईनं मले कधी," ती म्हणाली. "तुले ते वाटून राह्यलं असन तं तसं नाई. लोकाईसाठी ते चांगलेच होते, ते खोटं नाई. एवढंच होतं. एवढंच रोज होतं."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं तुले दोघातून एक निवडा लागलं असतं. लहान होता तू."

"आता चाळीसचा हाये मी."

"आता ते नाईत."

माणिकनं गाडी स्टँडवरून काढली, ढकलत अंगणाबाहेर नेली आणि बाहेर गेल्यावर सुरू केली. थांबला नाही. गाडीचा आवाज मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत दोघी ऐकत राहिल्या.

"गोजरा," सिंधूताई म्हणाली, "मी तुह्यासाठी म्हणली. तुहं घर राह्यलं पाह्यजे म्हणून."

"मालूम हाये. तवा भाषेसाठी केलं, आता माह्यासाठी केलं." गोजरबाई पायरी उतरली. "दोनी बारीनं मले विचारलं नाई. आता कोणासाठी बी काही करू नोको तू."

सिंधूताई तिच्यामागे दोन पावलं आली आणि अंगणातच थांबली. घर दूर नव्हतं, पण गोजरबाईला वाटेत तीनदा बसावं लागलं.

*

वर्षश्राद्ध झालं. दगड बसला. माणिकनं पेटी वाजवली आणि डोळे मिटले, असं डिंपलनं दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी ऐकून सांगितलं. गोजरबाई गेली नव्हती. तिला कुणी चाल म्हटलं नाही, नको येऊस असंही म्हटलं नाही. निघायच्या वेळी डिंपल म्हणाली होती, "मी बी नाई जात, मले घरी काम हाये," आणि मग दिवसभर काहीच काम न करता सासूजवळ बसून लसूण सोलत राहिली होती, लागणार होता त्याच्या चौपट. मिठाचा विषय तिनं काढला नाही. गोजरबाईनं काढला: "ते मिठाचं मी हसून म्हणलं होतं वं." डिंपल म्हणाली, "मले मालूम हाये. मीठ जास्तच होतं."

माणिक आईशी बोलत होता. जेवली का, गोळी घेतली का, टोपली जड आहे, मी सोडतो. तेवढंच. मग एका संध्याकाळी वावरात मेथीच्या जुड्या बांधताना, सुतळीचं एक टोक दातात धरून, तो म्हणाला, "कोणत्या हाताले?"

गोजरबाईला आधी समजलं नाही. मग समजलं. "डाव्या."

"घड्याळाच्या?"

"घड्याळ काढून ठेवत."

त्यानं जुडी बांधली आणि ढिगावर ठेवली. दुसरी घेतली. सुतळीची गाठ त्यानं जरा सैल मारली असं तिला वाटलं, पण मेथी म्हटली की गाठ सैलच मारतात. अंधार पडेपर्यंत दोघं बांधत राहिले, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही.

बाजार मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. बायका आल्या की आधी मोबाइल पिशवीत टाकून मग वांग्यांना हात लावायच्या. काही भल्या मनानं, काही तिनं पाहावं म्हणून. पायलनं एकदा सांगितलं, "आजी, तुमचा आवाज त्यातून गेला. सगळ्याच शब्दाचा गेला. सिंधूआजीनं काढला म्हणतात. भेद्र्याखाली आता नुसतं लिहेल हाये."

"बरं झालं," गोजरबाई म्हणाली. त्या दिवशी तिनं दोनदा चुकीची मोड दिली.

आणि मग एका बाजाराला सिंधूताई आली. कापडी पिशवी, तोच चष्मा, थोडी वाळलेली. ती भाजीच्या ओळीत टोकाला येऊन थांबली, पुढे यावं की नाही ते ठरेना असं, मग आली. इतक्या वर्षांत गोजरबाईनं तिला कधी भाव सांगितला नव्हता. आल्या आल्या शिव्या घालायची, "इतक्या उशिरा येते का वं, किडके वांगे उरले तुह्या नशिबाचे," आणि सगळ्यांत चांगली वांगी तिच्या पिशवीत जायची.

"वांगे दे," सिंधूताई म्हणाली. "अर्धा किलो."

गोजरबाईनं वांगी तोलली. काटा नीट पाहिला. "पंधरा रुपये झाले."

शाळेच्या पुस्तकातल्यासारखं बोलली ती. स्वच्छ आणि कोरडं. कुठे एक उकार लांबला नाही, एक शब्द वाकडा गेला नाही. शेजारच्या सुभद्राबाईनं मान वळवून पाहिलं. गोजरबाईच्या तोंडून असं कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

सिंधूताईनं पैसे दिले. पिशवी उचलली नाही. "काही तं बोल वं," ती म्हणाली. "शिवी दे."

गोजरबाईच्या तोंडाशी खरोखर एक आली होती. जुनी, आईच्या तोंडची, या बाजारात आता कुणाला माहीत नसलेली. सिंधूताईनं ती ऐकली असती तर टिपून घ्यायला जागच्या जागी बसली असती. ती जिभेवर आली आणि गोजरबाईनं ती तशीच, चव लागायच्या आत, गिळली.

"अजून काय हवं आहे आपल्याला?" तिनं विचारलं.

सिंधूताईनं मान हलवली. पिशवी घेतली आणि ओळीतून परत गेली, आलेल्या बाजूनं, कुणाकडे न पाहता. नवं गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं, वांगी उलटीसुलटी करून पाहू लागलं, आणि वांगी कशी दिली म्हणून विचारू लागलं, तरी तिला आवाज लावायला जरा वेळच लागला.